स्लॅबचं जेवण

माझ्या वडलांनी, आबांनी, आपलं ताट उचललं आणि नळाकडं चालायला लागले. मी शेजारच्या बाईंशी किचनच्या ओट्याबद्दल बोलत होते. त्यांना काळा ग्रॅनाइट हवा होता, मला नको होता. त्यामुळं मला उशिरा दिसलं. आधी दिसलं असतं तर मी धावत जाऊन त्यांच्या हातातलं ताट हिसकावून घेतलं असतं.

शेवटचा स्लॅब पडला की जेवण घालायची आमच्याकडं पद्धत आहे. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी, सगळ्यांना मटण. या बिल्डरनं फ्लॅट बुक केलेल्यांनाही बोलावलं होतं. पार्किंगच्या जागेत मांडव घातलेला. बुकिंगवाल्यांना टेबल-खुर्च्या, कामगारांना खाली पोती अंथरून पंगत. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. खरकटी ताटं टाकायला एक मोठा प्लॅस्टिकचा टप ठेवला होता आणि त्याच्याशेजारी दोन बायका भांडी घासत बसल्या होत्या. लोक लांबूनच ताट टपात भिरकावत होते आणि पान खायला पळत होते.

आबा नळाशी उकिडवे बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. गुडघे दुखतात. त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. त्यांनी बाजूच्या ढिगातली चिमूटभर वाळू घेतली आणि ताट घासलं. मागून घासलं, पुढून घासलं. दोनदा विसळलं. आणि मग ते टपात टाकलं नाही. चार हात लांब एक अर्धवट बांधलेला कठडा होता, त्यावर नेऊन उपडं घातलं. हात शर्टाला पुसले आणि तिथंच उभे राहिले, कुणीतरी जा म्हणेपर्यंत थांबल्यासारखे.

बिल्डरची आई खुर्चीत बसून हे बघत होती. सगळे त्यांना आक्का म्हणतात. सकाळी नारळ त्यांच्याच हातून फुटला होता. जेवताना त्या टेबलाटेबलाशी फिरून आग्रह करत होत्या. आबांच्या ताटात तर त्यांनी स्वतः रश्श्याची वाटी ओतली होती. "घ्या की पावणं, लाजतासा काय असं?" असं म्हणून. त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

"आवो पावणं," आक्का म्हणाल्या, "गाव कुठलं म्हणालासा तुमचं?"

"कुरुंदवाडच्या अलीकडं जी. नदीकाठाला."

"नदीकाठाला कुठं?"

आबांना लपवता येत नाही. त्यांना लपवायचं असतं हेच माहीत नाही. ते म्हणाले, "गावाखाली. बौद्धवाड्यात."

आक्का त्यांना काही बोलल्या नाहीत. मान वळवून भांडी घासणाऱ्या बाईला म्हणाल्या, "त्ये ताट ह्यात मिसळू नगं गं. तितंच ऱ्हाऊ दे."

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. फ्रीजचं दार लावून घे म्हणावं तसं म्हणाल्या. त्या बाईनं मान हलवली. माझ्या शेजारच्या ग्रॅनाइटवाल्या बाईंनी पदर सावरला आणि त्यांना एकदम कुणाला तरी फोन करायचं आठवलं. सगळ्या मांडवातलं सगळ्यात स्वच्छ ताट तेच होतं आणि तेवढंच बाजूला राहिलं.

आणि मी काय केलं? मी हसले. खरंच हसले. आक्कांकडं बघून, मोठ्या माणसाचा निरोप घेताना हसतात तसं. "येतो आक्का," म्हणाले, आबांचा दंड धरला आणि बाहेर पडले.

स्कूटरपाशी आल्यावर मी आबांवर तोंड सोडलं. "कशाला धुतलंत ताट? कुणी सांगितलं होतं? टपात टाकायचं की सगळ्यांसारखं! एवढं साधं कळत न्हाय?"

आबा म्हणाले, "सवय हाय गं पोरी. हात आपसूक जातोय."

"मग हात बांधून ठेवा!"

हे मी माझ्या बापाला म्हणाले. भर रस्त्यात. आक्कांना म्हणायचं होतं ते सगळं त्यांना म्हणाले, कारण त्यांना म्हणणं सोपं होतं. ते मागं बसले, माझ्या खांद्याला हात न लावता, सीटच्या कडीला धरून.

आबा गावच्या हायस्कुलात शिपाई होते. मी त्याच शाळेत शिकले. घंटा ते वाजवायचे, पाणी ते भरायचे, मास्तरांचा चहा ते आणायचे. त्यांचा स्वतःचा कप मात्र स्टाफरूमच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला. दांडा तुटलेला. हेडमास्तर बदलले, पुढं कुणी म्हणालंही म्हणे, की आता आत ठेवा कप. आबांनी ठेवला नाही. गावात मोठ्या घरी लग्न असलं की आमची पंगत शेवटची, आणि जेवल्यावर ज्यानं त्यानं आपलं ताट धुऊन कठड्यावर उपडं घालायचं. पुढं पुढं ते कुणी सांगेनासं झालं. पण आबांच्या हाताला कुणी कळवलं नाही की दिवस बदलले. आणि बदलले असं तरी कुठल्या तोंडानं कळवणार?

त्या खिडकीतला कप मी रोज बघायचे, आणि सातवी-आठवीतच मनाशी एक ठरवलं. मला कुणी ओळखायचं नाही. मी शिकेन, चांगलं बोलेन, नीटनेटकी राहीन, आणि बघणाऱ्याला कळणार नाही मी कुठली. यात आमच्या आडनावानं मला फार मदत केली. आमचं आडनाव असं आहे, की ते पाटलाच्या दारावरच्या पाटीवरही असतं आणि आमच्या वाड्यातही असतं. आडनाव सांगितलं की समोरचा आपल्या मनानं पुढचं ठरवतो. आपण गप्प बसायचं.

मी चाळीस वर्षांची होईतो अशी गप्प बसत आले. डिप्लोमा केला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागले. आज तिथं तपासणी विभागाची मुख्य आहे. लग्न झालं, मोडलं, त्याचं इथं काही नाही. कँटीनमध्ये बायका डबा खाताना राखीव जागांवरून तोंडसुख घ्यायच्या आणि मी भाजी वाढून घ्यायचे. "तुझ्यासारखी हुशारीवर आलेली पोरगी मागं राहती बघ," असं मला म्हणायच्या. मी मान हलवायचे. त्या म्हणायच्या ती मी नव्हते आणि त्या ज्यांना शिव्या द्यायच्या ती मी होते. हा सगळा खेळ मला जमला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता.

फ्लॅटचं मनात आलं ते पाण्यामुळं. आमचा वाडा गावाखाली. म्हणजे पंचगंगा चढली की पहिल्यांदा आमच्यात. पाटलाच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा ती बातमी होते. आमच्यात येतं तेव्हा तो पावसाळा असतो. मोठ्या महापुरात आमचं घर आढ्यापर्यंत बुडालं. आबांना नावेतून काढलं. पाणी ओसरल्यावर ते परत गेले, भिंती सावरल्या, आणि नंतर पुन्हा पाणी आलं. दुसऱ्या वेळी मी त्यांना उचलूनच कोल्हापुरात आणलं. दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. घरमालक दर अकरा महिन्यांनी चेहरा बदलतो. मला आबांसाठी एक घर हवं होतं, उंचावरचं, स्वतःचं, जिथून त्यांना कुणी उठवणार नाही. ना नदी, ना माणूस.

रंकाळ्याच्या पलीकडच्या अंगाला, चांगल्या वस्तीत ही इमारत उभी राहत होती. रुंद रस्ता, शेजारी दवाखाना, कोपऱ्यावर भाजी. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट असलेला. आबांना दाखवायला नेलं तेव्हा भिंती झाल्या होत्या, खिडक्या नव्हत्या. त्यांनी खिडकीच्या भोकातून खाली बघितलं आणि एकच विचारलं. "हितं पानी कुठवर येतंय?"

"येतच न्हाय आबा."

"कदीच?"

"कदीच."

ते खिडकीपासून मागं आले. मग एका भिंतीला हात लावून म्हणाले, "माझी खाट हितं." मी त्याच आठवड्यात बुकिंग केलं.

बुकिंगच्या दिवशीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझी चूक आहे. बिल्डर माझ्याच वयाचा. माणूस तसा मोकळाढाकळा, हातात कडं, कपाळाला टिळा. कोल्हापुरात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. त्यानं तो विचारला. "पावणं, गाव कुठलं तुमचं?" मी गाव सांगितलं. आडनाव फॉर्मवर होतंच. त्यानं टेबलावर थाप मारली. "अरे वा! म्हंजे आपलीच की वो तुमी! आमचं पावणं हायत तिकडं. आधी सांगायचं न्हाय का?"

मी तिथंही हसले. माझ्या हसण्याची कहाणीच लिहायला हवी. "चहा घ्या", "आवो बिस्कीट आणा रे", "आपल्या माणसाला आपण वाऱ्यावर सोडत नसतो". मला कोपऱ्यातलं पार्किंग दिलं. तो "आपली" म्हणाला आणि मी तो शब्द गिळला. तेव्हा गोड लागला होता.

जेवणानंतर चार दिवसांनी करारनामा नोंदवायला जायचं ठरलं होतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं. आदल्या दिवशी बिल्डरच्या मॅनेजरचा फोन आला. मॅडम, वकील गावाला गेलेत, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात अमावस्या निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात नकाशाचा कसला तरी कागद महापालिकेत अडकला. मग साहेब मुंबईला गेले. मग साहेब आले पण मीटिंगमध्ये होते. मी कंपनीतून अर्धी रजा टाकायची, बसनं शहरात यायची, त्यांच्या ऑफिसच्या सोफ्यावर बसायची. समोर इमारतीचं छोटं मॉडेल काचेत ठेवलेलं. त्यातला तिसरा मजला बघत बसायची. पूर्वी येणारा चहा येईनासा झाला. पाणी मागितलं तर मॅनेजर कागदी पेला घेऊन आला. शेजारी बसलेल्या माणसाला काचेचा ग्लास दिला होता. मी स्वतःला समजावलं, ग्लास संपले असतील. असं मी स्वतःला इतकं समजावलंय आयुष्यात, की त्याचा पगार मिळाला असता तर चार फ्लॅट झाले असते.

बँकेचे फोन सुरू झाले. मॅडम, करारनामा कधी? मॅडम, मंजुरीची मुदत संपतेय. माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. कुणी नाही म्हणत नव्हतं. भांडायला कुणी समोरच येत नव्हतं. "नाही" म्हणाला असता तर मी भांडले असते. पण "बघू", "करू", "जरा थांबा". कापसात बुक्क्या मारून मारून माझा हात दुखायला लागला. कंपनीत मी पोरांवर ओरडायला लागले. घरी भांडी आपटायला लागले.

शेवटी बिल्डर भेटला. "आवो मॅडम, जरा घोळ झालाय बगा," तो म्हणाला. "त्या फ्लॅटवर आईचा आधीच शब्द गेलता. पावण्याला. मला ठावंच न्हवतं. आता आईचा शब्द म्हंजे, तुमी समजून घ्या की."

"मग दुसरा द्या. चौथ्या मजल्यावरचे दोन शिल्लक आहेत."

"ते बी गेल्यात."

"काल तुमच्या वेबसाइटवर होते."

तो माझ्याकडं बघून हसला. आता त्याची पाळी होती. "हितलं सोडा. आमची दुसरी एक स्कीम हाय, गावाच्या त्या टोकाला. भाव बी कमी. तितं तुमाला बरं वाटंल. तुमची बी मंडळी हायत तितं."

तुमची बी मंडळी. बुकिंगला मी आपली होते. एका धुतलेल्या ताटानं मी तुमची झाले. त्यानं चेक पुढं सरकवला, बुकिंगची रक्कम परत. मी चेक घेतला नाही. "विचार करते," म्हणाले. मी विचार करते म्हणाले! माझ्या जागी एखादी दगडाची बाई असती तरी चार शब्द बोलली असती.

त्या रात्री आबांना सांगितलं, फ्लॅट गेला. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माझ्यापायी झालं," म्हणाले. मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी दमले होते. गप्प बसायची इतकी सवय लागली होती, की बापासाठी दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

दहा दिवसांनी मॅनेजरचा फोन. आवाज एकदम गोड. "मॅडम, या की. साहेबांनी तुमचं काम केलंय."

गेले. चहा आला, काचेच्या कपात. बिल्डर खुर्चीतून उठून "बसा, बसा" म्हणाला. बाहेरच्या खोलीत एक जोडपं फरशीचे नमुने बघत होतं. आमच्या मधलं दार उघडंच होतं. टेबलावर करारनामा छापून तयार होता. तिसरा मजला, तोच फ्लॅट. माझं नाव.

"परवा तुमचं वडील येऊन गेलं," बिल्डर म्हणाला.

मला माहीत नव्हतं. आबा मला न सांगता, दोन रिक्षा बदलून, दुखऱ्या गुडघ्यांनी तिथवर गेले होते.

"लई भला माणूस वो. मी आत या म्हटलं तर येईनात. दारातच हुबं. हात जोडून म्हणालं, लेकीचं घर मोडू नगा. मी माझ्या गावाकडं जातो. हितं ऱ्हाणार न्हाय. पावणा म्हणून बी पाऊल ठेवणार न्हाय." तो थांबला. त्याला खरंच गहिवरल्यासारखं झालं होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. "मी आईला सांगितलं. आई म्हणाली, तसं असंल तर काय अडचण न्हाय. तुमचं काय वो, तुमी शिकल्याल्या, नोकरीवाल्या, तुमचं बोलणं बी किती सुद्द. तुमच्याकडं बगून कुणाच्या ध्यानात बी येत न्हाय. फक्त ते वडलांचं तेवडं. हे घ्या पेन. उद्या रजिस्टर करून टाकू."

इथं जे झालं ते लिहायला हात जड होतो, पण लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं. मला हायसं वाटलं. क्षणभर. फ्लॅट मिळतोय, असं वाटलं. माझ्या हातात पेन आलं. मी टोपण काढलं.

आणि मग ते कळलं. कुणाच्या ध्यानात येत नाही, हे तो माझं कौतुक म्हणून बोलत होता. आणि मी आयुष्यभर ते कौतुक म्हणूनच घेत आले होते. त्यासाठीच मी शिकले, त्यासाठीच बोलणं घासूनपुसून घेतलं. आबा एक ताट घासत होते, मी स्वतःला अख्खी घासत होते. त्यांनी ते उघड्यावर, सगळ्यांसमोर केलं, कारण त्यांना त्यात लाज नव्हती. मी चोरून केलं. आणि त्याचं बक्षीस काय? तर ज्या पाण्यातून मी बापाला काढलं त्याच पाण्यात त्याला परत सोडायचं, आणि वर तिसऱ्या मजल्यावर कोरड्या पायांनी राहायचं. हे ठरवणारी आक्का कोण? हा कोण? आणि पेन हातात घेणारी मी तरी कोण?

मी टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं.

"ह्यावर आधी वडलांचं नाव घाला," मी म्हणाले. "पहिलं त्यांचं. मग माझं. आनि ते हितंच ऱ्हाणार."

माझं घासलेलं बोलणं कुठं गेलं मला कळलं नाही. तोंडातून गाव निघालं.

त्याचा चेहरा पडला. "मग अवगड हाय मॅडम."

"काय अवगड हाय? बोला की."

"तसं काय न्हाय वो. आमी काय तसलं मानत न्हाय. पर बिल्डिंगीत धा लोकं ऱ्हाणार. लोकांचं बगाय लागतंय."

"मग लिवून द्या."

"काय?"

"फ्लॅट का देत न्हाय त्ये. तुमच्या लेटरहेडवर. सही करून."

माझ्या कामात एखादं कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, नाकारायचं तर कारण लिहावं लागतं. भोक आहे, तडा आहे, वाळू राहिलीय, जे असेल ते. लिहायचं आणि खाली सही करायची. कारण न लिहिता नाकारलं तर कारखानदार मला घरी बसवेल. लोखंडाला एवढा मान आहे. मी त्याच्याकडं तेवढाच मान मागत होते. त्यानं पेनाला हात लावला नाही. मॅनेजर उठून मधलं दार लावायला गेला. मी म्हणाले, "दार ऱ्हाऊ दे उगडं."

मग मी उभी राहिले आणि बाहेरच्या जोडप्याला ऐकू जाईल असं बोलले. "मी महाराची हाय. आमी बौद्ध. गावाखालच्या वाड्यातली. तुमी मला आपली म्हणालासा तवा मी गप बसलो, ती माझी चूक. तुमच्या आईनं माझ्या बापाचं ताट बाजूला ठेवलं तवा बी गप बसलो, ती दुसरी. आता तिसरी करणार न्हाय. तुमचा चेक मी घेत न्हाय. फ्लॅट मी सोडत न्हाय. तुमाला काय करायचं ते करा."

शूर वगैरे काही वाटलं नाही. जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं.

पुढचं फार सरळ झालं नाही. चेक पोस्टानं घरी आला, सोबत दोन ओळींचं पत्र, "काही अपरिहार्य कारणास्तव". मी तो बँकेत भरला नाही. पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते पण म्हणाले, "ताई, कोल्हापुरात असलं काय नसतंय. समजुतीनं घ्या की." तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहून नेला आणि पोच मिळाल्याशिवाय उठले नाही. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडंही तक्रार केली. बँकेची मंजुरी संपली, आता पुन्हा पहिल्यापासून. कंपनीत बातमी पोचली. डबा खाणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं, "अगं, तू पण? कधी कळलंच नाही!" मी म्हणाले, "आता कळलं नव्हं? मग डबा सरकव." तिनं सरकवला. दुसऱ्या दिवसापासून ती लवकर जेवायला लागली.

आबा माझ्यावर चिडले. "मिळत हुतं ते घर घालवलंस," एवढंच एकदा म्हणाले. मी त्यांची माफी मागितली, स्कूटरपाशी बोललेल्याची. त्यांनी ती ऐकल्यासारखं केलं नाही. जबाब द्यायला यायला ते तयार नव्हते. मी जबरदस्ती केली नाही. एके सकाळी तोच पांढरा शर्ट घालून दारात उभे राहिले.

ठाण्यात हवालदारानं त्यांना विचारलं, "आजोबा, पर तुमाला ताट धुवायला कुणी सांगितलंतं का? तुमीच धुतलंसा न्हवं?"

आबांनी जरा विचार केला. म्हणाले, "साहेब, सांगून झालंय. माझ्या आज्याला सांगिटलं हुतं."

हवालदारानं लिहायचं थांबवलं. मी म्हणाले, "लिहा. ते म्हणाले तसंच लिहा." त्यानं लिहिलं.

तारखा पडताहेत. वकील म्हणतात, वेळ लागेल, तोवर दुसरीकडं घर बघा, केस चालू राहू दे. नातेवाईक म्हणतात, कशाला हवं त्या लोकांत, आपल्या लोकांत घ्या. बिल्डरनं मध्यस्थ पाठवला होता, थोडे जास्त पैसे घेऊन मिटवा म्हणून. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. इमारत पूर्ण झालीय. रंग लागलाय, माणसं राहायला आलीत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची खिडकी अजून बंद आहे. विकायचा नाही असा तात्पुरता आदेश मी प्राधिकरणाकडून मिळवलाय. तेवढंच आज माझ्या हातात आहे.

मला दुसरा फ्लॅट नको. गावाच्या त्या टोकाचा नको, आपल्या लोकांतला नको, स्वस्त नको. हाच पाहिजे, दोघांच्या नावानं, पहिलं नाव आबांचं. उद्या मिळाला तर उद्या राहायला जाईन, दहा वर्षांनी मिळाला तर दहा वर्षांनी. आबा तोवर असतील की नाही, मला माहीत नाही. नसले तरी करारनाम्यावर पहिलं नाव त्यांचंच लागेल, त्यासाठी काय करावं लागतं ते मी वकिलाला विचारून ठेवलंय.

आणि आता कुणी गाव विचारलं की मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत नाही. गाव सांगते, गावाखालचा वाडा सांगते, जात सांगते. सांगून झालं की खाली बघत नाही. समोरच्याला तोंड फिरवायचं असेल तर त्यानं माझ्यासमोर फिरवावं. मी तिथंच उभी असेन.